आधी चाला, मग विचारा, खोदणं सगळ्यात शेवटी: इनुइट इतिहास गावाजवळच्या दगडांतून शिकवताना

आपल्याकडे जुनी वस्ती शोधायची म्हणजे पांढर शोधायची. नदीकाठी राखेसारख्या मातीचं टेकाड, पावसाने उघडी पडलेली खापरं, आणि खाली थरावर थर. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला माळवा, पूर्व जोर्वे, उत्तर जोर्वे असे ताम्रपाषाण संस्कृतींचे काळ एकाच्या डोक्यावर एक बसलेले सापडले. पुरातत्त्व म्हणजे खड्डा, हे आपल्या मनात इतकं पक्कं आहे ते यामुळेच.

कॅनडातल्या नुनावुतमध्ये, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांच्या प्रदेशात, ही सवय सोडावी लागते. तिथे पांढर नाही. माती इतकी सावकाश तयार होते, की तीन-चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तंबूच्या कडेवर ठेवलेले दगड आजही जागच्या जागी, उघड्यावर दिसतात. काळ तिथे खाली रचलेला नसून किनाऱ्यापासून डोंगराकडे पसरलेला आहे. शाळेतल्या मुलांना इनुइट इतिहास शिकवायचा तर पहिला तास फावड्याचा नको, पायांचा हवा. बऱ्याच शाळा उलट करतात. थेट खोदकामाचा दिवस ठरवतात, मुलांना चार तास गुडघ्यावर बसवतात, दोन हाडं निघतात, आणि मुलं म्हणतात की इतिहास कंटाळवाणा असतो.

पहिल्या फेरीला 20 मुलं असतील तर चार गट करावेत. प्रत्येक गटाला 30 मीटरची टेप, होकायंत्र, पेन्सिल आणि ओलं न होणारा कागद द्यावा. पेन नको, थंडीत शाई गोठते आणि धुक्यात फुटते. नियम एकच: काहीही उचलायचं नाही, दगडावर बसायचंसुद्धा नाही. गोल मांडलेले दगड दिसले की मुलांनी त्याचा व्यास मोजायचा, दार कुठल्या दिशेला असावं ते पाहायचं, आणि दगडांवरचं दगडफूल बघायचं. हो, आपण गोडा मसाल्यात घालतो त्याच दगडफुलाचे हे लांबचे भाऊबंद. तिथल्या थंडीत काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. त्यामुळे दगड स्वच्छ आणि जमिनीवर नुसता टेकलेला असेल तर कडं अलीकडचं. दगडफूल दोन दगडांच्या फटीवरून पसरलेलं आणि दगड निम्मा शेवाळात रुतलेला असेल तर जुनं. यातून नेमकं वर्ष कळत नाही, पण कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे दहा वर्षांचं मूलही सांगू शकतं.

दगडांचा आकारही बोलतो. 1950च्या दशकातला कापडी तंबू बहुतेक चौकोनी, आणि आसपास खिळे, पत्र्याचे डबे, काचा. त्याआधीचा कातडी तंबू, म्हणजे तुपिक, गोलसर. त्याहून कितीतरी जुन्या, चार हजार वर्षांपूर्वीच्या घरांमध्ये मधोमध उभ्या फरशांच्या दोन समांतर ओळी असतात आणि त्यांच्यात चुलीची चौकट. गवत एखाद्याच ठिकाणी गर्द हिरवं दिसलं तर तिथे थांबावं. शेकडो वर्षं पडलेली चरबी, हाडं आणि राख यांचं ते खत आहे. त्या हिरवळीत चार-पाच मीटरचा खोलगट खळगा आणि त्यातून उताराकडे, समुद्राच्या दिशेने निघालेली चिंचोळी घळ दिसली, तर ते हिवाळी घर: कर्माक. घळ म्हणजे आत शिरायचा बोगदा. तो घराच्या फरशीपेक्षा खाली ठेवलेला असतो, कारण थंड हवा जड असते, ती बोगद्यातच साचते आणि वरच्या झोपायच्या ओट्यापर्यंत चढत नाही. हे फळ्यावर समजावण्यापेक्षा शाळेच्या जिममध्ये दोरीने त्याच मापाचं घर आखावं आणि सात-आठ मुलांना त्यात बसवावं. दिवा कुठे ठेवणार, ओले बूट कुठे टांगणार, रात्री आजी कुठल्या बाजूला झोपणार, हे प्रश्न मुलांना आपसूक पडतात.

नुनावुतची राजधानी इकालुइट इथल्या शाळांना यासाठी सोयीची जागा म्हणजे कौम्मार्विट. गावाच्या पश्चिमेला सुमारे 12 किलोमीटरवरचं छोटं बेट; नावाचा अर्थ 'चमकणारी जागा'. तिथे अशी अकरा हिवाळी घरं आहेत, उत्खननात 3,000 हून जास्त अवजारं आणि 20,000 वर हाडं मिळाली, आणि आता ते प्रादेशिक उद्यान आहे. जवळच तुंगात्सिविक इथे 1990च्या दशकाच्या सुरुवातीला डग्लस स्टेंटन यांच्या प्रकल्पात इनुइट विद्यार्थ्यांना शिकवत शिकवतच उत्खनन झालं. म्हणजे ही पद्धत नवी नाही, फक्त ती दर पिढीला पुन्हा सुरू करावी लागते.

आता उंचीची गोष्ट. हिमयुगातला किलोमीटरांनी मोजावा असा बर्फाचा थर वितळल्यावर दबलेली जमीन वर उठू लागली, अजून उठतेच आहे. जुने किनारे पायऱ्यांसारखे वर गेले. माणसं मात्र नेहमी पाण्याजवळ राहिली, कारण सील, वालरस आणि बोट तिथे. इग्लूलिकच्या परिसरात योर्गेन मेल्डगार्ड या डॅनिश संशोधकाने 1954 पासून याच पायऱ्या वाचल्या: ढोबळमानाने 50 मीटर उंचीपासून खाली प्री-डॉर्सेट, म्हणजे इथले सगळ्यात जुने रहिवासी, 20-22 मीटरच्या खाली त्यांच्यानंतरचे डॉर्सेट, आणि सगळ्यात खाली, समुद्रालगत, आजच्या इनुइटांचे थेट पूर्वज, ज्यांना पुरातत्त्वात थुले म्हणतात. मुलांना खालून वर चालवत न्यावं. तासाभरात चार हजार वर्षं पायाखालून जातात.

पण इथेच सगळ्यात मोठी चूक होते. मुलं, आणि त्यांच्याआधी शिक्षक, 'जितकं उंच तितकं जुनं' असं सूत्र पाठ करतात. उंची फक्त एक मर्यादा सांगते: हा किनारा पाण्याबाहेर आला त्याआधीचं इथे काही असू शकत नाही. नंतरचं मात्र काहीही असू शकतं. काल कुणी तिथे चहा करून गेलं असेल. म्हणून उंचीसोबत दगडफूल, घराचा आकार आणि अवजारं, असे तीन-चार साक्षीदार एकत्र बोलवायची सवय लावावी.

दुसरा सापळा याहून बेरकी आहे. थुले काळच्या लोकांनी घराच्या छपरासाठी गवताळ मातीचे ठोकळे कापले, आणि ते कापले जिथे माती जाड होती तिथून, म्हणजे बऱ्याचदा डॉर्सेट लोकांच्या जुन्या उकिरड्यावरूनच. त्या ठोकळ्यांसोबत डॉर्सेटची बारीक पाती नव्या घराच्या छपरात गेली. पुढे छप्पर कोसळलं आणि सातशे वर्षांपूर्वीच्या घराच्या फरशीवर हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची अवजारं येऊन पडली. विद्यार्थी लगेच लिहितो, 'दोन्ही लोक एकत्र राहत होते.' हे वाक्य खोडू नये. घराचा उभा छेद काढायला लावावा, छपराची माती कुठली आणि फरशीवरची काळी चिकट चरबी कुठली ते रंगाने दाखवायला लावावं, आणि मग पातं कुठल्या रंगात सापडलं ते विचारावं. उत्तर त्याचं त्यालाच सापडतं.

डॉर्सेट आणि थुले वेगळे ओळखायला वर्गात एक भिंग पुरतं. हाडाच्या किंवा वालरसच्या सुळ्याच्या वस्तूचं भोक बघायचं. थुले लोकांकडे धनुष्याने फिरवायचा गिरमिट होता, त्यांचं भोक गोल. डॉर्सेट लोक टोकदार दगडाने दोन्ही बाजूंनी कोरत, त्यांचं भोक लांबट, फटीसारखं. हार्पूनच्या, म्हणजे दोरी बांधलेल्या शिकारी भाल्याच्या, टोकाच्या प्रतिकृती दोन-दोन करून वाटाव्यात. पाच मिनिटांत मुलं चुकायची थांबतात. डॉर्सेट ही वेगळी संस्कृती आहे हे डायमंड जेनेस यांनी 1925 मध्ये संग्रहालयात आलेल्या वस्तूंवरून ओळखलं, तर थुलेचं चित्र थेरकेल माथियासन यांनी 1921 ते 1924 च्या पाचव्या थुले मोहिमेत नौयान इथल्या घरांवरून उभं केलं. मुलांना ही नावं पाठ करायला लावू नयेत. मात्र दोघांच्या आधीपासून इनुइट आजी-आजोबा तुनिटांच्या, म्हणजे बहुधा याच डॉर्सेट लोकांच्या, गोष्टी सांगत होते, हे जरूर सांगावं: आपल्याआधी इथे राहणारे, अंगाने प्रचंड ताकदवान, स्वभावाने बुजरे, नंतर निघून गेलेले लोक. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासातही तुनिट आणि इनुइट हे वेगळ्या वंशांचे असल्याचं दिसलं. गोष्ट आणि प्रयोगशाळा इथे एकच सांगतात, फक्त गोष्ट आधी आली.

जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना 'एस्किमो' म्हटलेलं असतं, आणि आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांतही तो शब्द बरीच वर्षं राहिला. तिथल्या वर्गात तो वापरू नये. इनुइट हा अनेकवचनी शब्द आहे, एक माणूस म्हणजे इनुक.

वडीलधाऱ्यांना बोलवायचं तर त्यांना शाळेत आणून खुर्चीवर बसवून तासाभराचं भाषण मागू नये. जागेवर न्यावं, आणि मुलांच्या आधी न्यावं. नकाशा समोर धरला की आठवणी आटतात. पाय जागेला लागले की नावं येऊ लागतात. इनुक्तितुत या इनुइटांच्या भाषेतली ठिकाणांची नावं स्वतःच नोंदींचं दप्तर आहेत: इथे मासे बहुत, इथे बर्फ लवकर फुटतो, इथे मांस पुरून ठेवायचं. प्रश्न 'हे किती वर्षांपूर्वीचं?' असा नसावा. 'इथे कोण राहायचं, कुठल्या ऋतूत यायचं, इथून पुढे कुठे जायचं, काय मारून आणायचं?' असे असावेत. दुभाषी त्याच बोलीचा हवा, मानधन आधी ठरलेलं हवं. शांततेत घाई करू नये. उत्तर येईपर्यंतची मोकळी जागा हा त्या संवादाचाच भाग आहे. आणखी एक गोष्ट नवख्या शिक्षकाला कुणी सांगत नाही. इनुइटांमध्ये भुवया उंचावणं म्हणजे 'हो' आणि नाक मुरडणं म्हणजे 'नाही'. नुसता आवाज टिपला तर घरी येऊन ऐकताना प्रश्नांमागून प्रश्न आणि मध्ये वारा एवढंच मिळतं. एका मुलाचं काम फक्त चेहऱ्यावरचं उत्तर वहीत लिहिणं हे असावं.

तोंडी इतिहासावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न मोठ्या वर्गात हमखास निघतो. त्याला उत्तर देणारं उदाहरण इकालुइट ज्याच्या काठी आहे त्या फ्रॉबिशर उपसागरातलंच आहे. मार्टिन फ्रॉबिशर हा इंग्रज दर्यावर्दी 1576, 1577 आणि 1578 असा तीनदा इथे आला. सोनं समजून शेवटच्या खेपेला 1,000 टनांहून जास्त दगड जहाजांत भरून इंग्लंडला नेले, ते निकामी निघाले. 1861 मध्ये चार्ल्स फ्रान्सिस हॉल हा अमेरिकी प्रवासी आला, तेव्हा ऊकिजॉक्सी निनू या वृद्ध इनुइट बाईंनी त्याला सांगितलं की पांढरे लोक तीन वर्षं ओळीने आले, आधी थोडी जहाजं आणि शेवटी पुष्कळ, आणि त्यांची पाच माणसं मागे राहिली. जवळजवळ तीनशे वर्षं, लिपीशिवाय. तिसऱ्या सफरीत 15 जहाजं होती, आणि पहिल्या सफरीत पाच खलाशी परतले नाहीत, हे इंग्रजी कागदांतही आहे. दोन्ही बाजूंचे जबाब मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवावेत. इंग्रजांना ती माणसं पळवून नेलेली वाटली, इनुइट सांगतात ती मागे सोडली गेली. फरक पडतो तो नेमका इथे, आणि इतिहासाचा खरा तास इथूनच सुरू होतो.

हाडांच्या बाबतीत तिथल्या मुलांना शिकवण्यापेक्षा त्यांच्याकडून शिकावं. ज्या घरात आठवड्याला सील कापला जातो तिथलं मूल नात्सिकचा, म्हणजे छोट्या सीलचा, खांदा आणि उग्जुक या दाढीवाल्या सीलचा खांदा झटक्यात वेगळा काढतं; दक्षिणेतून आलेल्या पदवीधराला त्यासाठी संदर्भसंच लागतो. तो संच शाळेनेच करावा. जेवणातून उरलेली एका सीलची आणि एका कॅरिबूची, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरची, हाडं साध्या पाण्यात मंद उकळून, मांस सोडवून, सावलीत वाळवावीत. ब्लीच घालू नये, हाडाचा पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरतो. जोडीला इनुगाइत हा जुना खेळ आहेच: सीलच्या पंजाची छोटी हाडं पिशवीत टाकायची, दोरीचा फास आत सोडून ओढायची, आणि जी येतील त्यांतून माणसं, कुत्री, घसरगाडी, घर मांडायचं. खेळता खेळता पंजातलं प्रत्येक हाड हाताला ओळखीचं होतं, आणि उत्खननात सगळ्यात जास्त गोंधळ घालतात तीही हीच बारीक हाडं.

कुल्लिक पेटवण्याचा तास मात्र बेतून घ्यावा. मऊ दगडाचा अर्धचंद्राकृती दिवा, सीलची चरबी आणि वातीला शेवाळ व ध्रुवीय कापूस. चरबी गोठलेली असतानाच ठेचून घ्यावी, म्हणजे पेशी फुटून तेल लवकर सुटतं. वात सरळ कडेवर पातळ ओळीत लावायची, दिवा त्या कडेकडे किंचित कललेला ठेवायचा. वात जाड झाली की काजळी, तेल वातीपर्यंत पोचलं नाही की नुसतं शेवाळ जळतं. ज्योत दोन-तीन सेंटिमीटरची, एकसारखी, काडीने सतत सारखी करत राहावी लागते. घरातल्या बाईचं अर्धं आयुष्य या काडीत गेलं, हे मुलांना दहा मिनिटांत कळतं. शाळेच्या आत करायचं असेल तर धुराच्या घंटेची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला आधी सांगा, नाहीतर सगळी शाळा उणे 30 मध्ये अंगणात उभी राहते.

वेळापत्रक हा सगळ्यात रुक्ष आणि सगळ्यात निर्णायक भाग. जूनच्या बऱ्याच दिवसांपर्यंत जमीन बर्फाखाली असते आणि तोवर शाळा सुटायला आलेली असते. शाळेच्या दिवसांत मोकळी जमीन मिळते ती ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. इकालुइटजवळ भरती-ओहोटीचा फरक 10 मीटरहून जास्त असतो. ओहोटीला बोट चिखलात आणि दगडांत अडकते, म्हणून निघायची आणि परतायची वेळ भरतीच्या तक्त्यावर ठरते, शाळेच्या घंटेवर नाही. ध्रुवीय अस्वलांवर नजर ठेवणारा जाणकार, बंदुकीसह, सोबत हवाच. तो स्थानिक शिकारी असेल तर अर्धा तास आपोआप त्याच्याकडून शिकण्यात जातो, तोही अभ्यासच.

खोदायचंच असेल तर नुनावुतच्या नियमांत दोन वर्गांचे परवाने आहेत. पहिल्या वर्गात पाहणी आणि नोंदणी, काही न हलवता. उत्खनन आणि वस्तू गोळा करणं दुसऱ्या वर्गात, आणि तो पात्र पुरातत्त्वज्ञालाच मिळतो. अर्ज गावापुढे आणि इनुइट हेरिटेज ट्रस्टपुढेही जातो. म्हणून शाळेने स्वतः खोदायचं मनात आणू नये. चालू असलेल्या प्रकल्पात जागा मागावी. दगडी ढिगाऱ्यातली दफनं ओळखायला मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावं, ती सापडली तर लांबून वळावं, फोटोही काढू नये.

खड्डा एक मीटर बाय एक मीटर, त्याचे चार चतकोर, दर थर पाच सेंटिमीटर. खाली जमीन वर्षभर गोठलेली. एका दिवसात वरची काही सेंटिमीटरच सुटते, तेवढीच काढायची आणि उन्हाला उघडी ठेवून शेजारच्या चतकोरावर जायचं. घाईने टोकरलं की गोठलेल्या मातीत अडकलेलं लाकूड मधोमध तुटतं. बांबूची पट्टी वापरावी, लोखंडी करणी ओल्या हाडावर ओरखडे उठवते आणि नंतर तेच ओरखडे जुन्या सुरीचे म्हणून मोजले जातात. मुळं ओढायची नाहीत, कात्रीने कापायची. चाळणी तीन मिलिमीटरची, नाहीतर डॉर्सेटची पाती खाली निसटतात. बाहेर आलेलं लाकूड आणि कातडं त्याच ओल्या मातीसह पिशवीत बंद. उघड्यावर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत त्याला चिरा जातात. याची तालीम हिवाळ्यात होऊ शकते. प्लास्टिकच्या टपात ओल्या वाळूचे रंगीत थर आणि जेवणातली हाडं घालून रात्रभर बाहेर ठेवायचं. टपाच्या बाजूंना फोम गुंडाळावा, नाहीतर कडा आधी सुटतात आणि खोटं चित्र मिळतं. जमीन फक्त वरून सुटते.

कार्बनवरून वय मोजायला नमुना कुठला द्यायचा, हे मुलांनाच ठरवू द्यावं, मग चुका दाखवाव्यात. सील किंवा व्हेलचं हाड दिलं तर वय शेकडो वर्षांनी जास्त येतं, कारण समुद्रातला कार्बन मुळातच जुना असतो. वाहून आलेलं लाकूड सैबेरियाच्या नद्यांतून निघून कितीतरी वर्षं भटकलेलं असू शकतं. घराच्या छपराला लावलेली व्हेलची बरगडी आधीच शंभर वर्षं किनाऱ्यावर पडलेली असू शकते. कॅरिबूचं हाड किंवा विलोच्या खुरट्या झुडपाची डहाळी त्यातल्या त्यात भरवशाची, कारण ती जमिनीवरची आणि थोड्या वर्षांची.

शेवटचा दिवस बुजवण्याचा. तळाला जाळीदार कापड अंथरायचं, म्हणजे पुढच्या संशोधकाला आपण कुठवर गेलो ते कळेल. चाळलेली माती परत, त्यावर पहिल्या दिवशी कापून ओल्या गोणपाटाखाली राखलेली गवताची ढेपं मूळ खाली ठेवून, फटी मातीने भरून, वर पाणी. मोजणीसाठी एखादा दगड हलवला असेल तर पहिल्या दिवशीचा फोटो समोर धरून तो त्याच खळीत बसवायचा, दगडफुलाची बाजू वर.